अंगणवाडीतील शरद ऋतू

भाद्रपदातली पौर्णिमा आली की खानदेशात भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी तिचा भुलोबा, आणि पुढे महिनाभर, म्हणजे थेट कोजागिरीपर्यंत, संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणत फिरतात. गाणी संपली की गमतीचा भाग सुरू होतो. घरातली बाई झाकण घट्ट लावलेला डबा बाहेर आणते आणि विचारते, "ओळखा पाहू, खाऊ कोणता?" ओळखल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. भोंडल्याच्या किंवा हादग्याच्या खिरापतीलाही हाच नियम असतो. मग मुली ओरडतात, "वाजवून दाखवा!" डबा हलतो, सगळ्या एकदम गप्प होतात आणि कान देऊन ऐकतात.

विद्यार्थी मित्रांनो, हा खेळ तुम्ही पाहिला असेल, कित्येक मुलींनी तो खेळलाही असेल. त्यात पदार्थविज्ञान किती दडलेले आहे, याचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. डब्यात शेंगदाणे असले तर ते सुटे, कडक आणि बरेच असल्यामुळे डबा खुळखुळतो. चुरमुरे असले तर सळसळ होते. तीही हलकी, कारण चुरमुऱ्याचे वजन इतके थोडे की तो पत्र्यावर जोराने आपटूच शकत नाही. एकच लाडू असला तर डबा तिरका केल्यावर क्षणभर काही होत नाही आणि मग एका बाजूला 'धप्' असा आवाज येतो. त्या क्षणभरात लाडू गडगडत गेलेला असतो. शिरा असला तर आवाजच नाही, पण हाताला वजन लागते. म्हणजे न वाजणारा डबासुद्धा काहीतरी सांगत असतो!

बंद वस्तूच्या आत काय आहे हे ती न उघडता ठरवायचे, ही विज्ञानातली फार जुनी आणि फार मोठी अडचण आहे. अणू कोणी उघडून पाहिलेला नाही. १९०९ साली मँचेस्टर येथे गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण सोडले आणि त्यांपैकी आठ हजारांत सुमारे एक कण उलट फिरून मागे येतो असे त्यांना आढळले. त्यावरून १९११ साली रदरफर्ड यांनी अणूला अतिशय लहान आणि जड असे केंद्रक असले पाहिजे, असा निष्कर्ष काढला. पृथ्वीच्या पोटातही कोणी उतरलेले नाही. पण भूकंप होतो तेव्हा पृथ्वीचा डबा आपोआप हलतो. त्या लहरी कोठे, किती वेळाने आणि कशा पोचतात हे तपासून डेन्मार्कच्या इंगे लेमान या शास्त्रज्ञ बाईंनी १९३६ साली पृथ्वीच्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे असे दाखवून दिले. रदरफर्ड काय, लेमान काय आणि एरंडोलच्या गल्लीत कान टवकारून उभी असलेली सहा वर्षांची मुलगी काय, तिघांचीही रीत एकच.

या लेखाचा विषय मात्र त्या मुलीपेक्षाही लहान मुले आहेत. तीन ते सहा वर्षांची, अंगणवाडीत जाणारी. तुम्ही म्हणाल, आम्ही नववी-दहावीची मुले, आम्हांला अंगणवाडीचे काय? त्याला दोन कारणे आहेत. एक तर तुमच्यापैकी पुष्कळांची धाकटी भावंडे त्याच अंगणवाडीत बसतात. दुसरे असे, की घनता, वस्तुमान, आयतन, कोन हे जे शब्द तुमच्या पुस्तकात आता आले आहेत, त्यांची मुळे तेथेच रुजतात; किंवा रुजायची राहून जातात.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना घनतेची व्याख्या तोंडपाठ असते, एककासह. हातात एक वीट देऊन "हिचे वजन अंदाजे किती?" असे विचारले तर कोणी अर्धा किलो सांगतो, कोणी दहा. यात मुलांचा दोष आहे असे मला वाटत नाही. शब्द वेळेवर मिळाले, पण हाताला जे मिळायला हवे होते ते मिळालेच नाही. ते मिळण्याचे वय तीन ते सहा. आणि आपल्या भागात त्यासाठी उत्तम ऋतू कोणता असेल तर तो शरद. पाऊस ओसरलेला असतो, आकाश निवळलेले असते, ऊन लख्ख पडते, आणि शेतातून निरनिराळ्या बिया, शेंगा, कणसे घरी येऊ लागतात. इतकी साधने वर्षात पुन्हा एकदम मिळत नाहीत, आणि त्यांना पैसाही पडत नाही.

बिनपैशाच्या साधनांची ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. इटलीच्या मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले आणि लहान मूल हाताने, इंद्रियांनी शिकते हे जगाला दाखवले. पण त्यांची साधने घोटीव लाकडाची, मापात बसवलेली आणि महाग. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांना पुढे प्रश्न पडला, की ही साधने खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला कोठून मिळणार? १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डी येथे त्यांनी काम सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सोबतीला आल्या. विकतच्या ठोकळ्यांच्या जागी बिया, खडे, शिंपले, पाने आणि काड्या आल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले तेव्हा या बाईंनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्माला आला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि त्या योजनेतल्या केंद्रांना मिळालेले 'अंगणवाडी' हे नाव आज देशभर चालते. मराठी माणसाने देशाला दिलेल्या शब्दांत हा एक मोलाचा शब्द आहे, असे मी मानतो.

आता एरंडोलला परत येऊ.

कापसाचा ढीग आणि सरकीचा ढीग

आमच्याकडे शरदात कापसाची बोंडे फुटतात. काळ्या मातीतली पऱ्हाटी पांढरी होते आणि वेचणीला सुरुवात होते. मुलांच्या आया सकाळीच शेतावर जातात, म्हणून याच दिवसांत अंगणवाडीची गरज सर्वांत जास्त असते. नाहीतर मूल दिवसभर बांधावर, उन्हात. मुले येतात ती केसांत, सदऱ्यावर कापसाचे तंतू घेऊनच. तेव्हा साधन शोधायला दूर जावे लागत नाही.

प्रत्येक मुलाला एक-दोन बोंडांचा कापूस द्यावा आणि सरकी वेगळी करायला सांगावे. चार वर्षांच्या मुलाची बोटे या कामात रंगून जातात. सरकीला तंतू घट्ट चिकटलेले असतात, ते ओढावे लागतात, तर्जनी आणि अंगठा यांना चांगला व्यायाम होतो. पुढे पेन्सिल धरायची आहे ती याच दोन बोटांनी. सात-आठ बोंडांचा मिळून सुमारे तीस ग्रॅम कापूस होतो. तो निवडून झाला की एका बाजूला रुईचा ढीग होतो, पातेलेभर. दुसऱ्या बाजूला सरकी, जेमतेम वाटीभर.

आता ताईंनी विचारायचे, "जड कोण?" मुले एकमुखाने सांगतात, "कापूस!" कारण कापूस मोठा. या वयात मोठे म्हणजे जड, उंच म्हणजे जास्त, लांब म्हणजे पुष्कळ. त्यांना चूक म्हणू नये. तराजू आणावा.

तराजू कसा करायचा ते तुम्हीच अंगणवाडीला करून द्या. हातभर लांबीची सरळ काठी, मधोमध दोरी, दोन्ही टोकांना सारख्या अंतरावर टांगलेल्या दोन करवंट्या. करवंट्या कधीच अगदी सारख्या नसतात. म्हणून रिकामा तराजू आडवा राहीपर्यंत हलक्या बाजूला थोडा चिखल लिंपावा. (हे काम घाईने करू नका. रिकाम्या तराजूचा तोल न पाहता वजने घेणारे विद्यार्थी मी प्रयोगशाळेत दरवर्षी पाहतो.) एका करवंटीत सगळी सरकी घाला. दुसरीत रुई, दाबून दाबून. रुईचे पारडे वर जाते!

हे पाहताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. एखादा कापूस आणखी दाबतो. दाबून तो लहान झाला, म्हणून आता हलका झाला असेल, असे दुसऱ्याला वाटते, आणि तो कापूस पुन्हा पिंजून फुगवतो. तरी पारडे वरच. मग एखादी मुलगी आमच्या अहिराणीत तो प्रश्न विचारते, "काबर?" का बरे?

या "काबर"चे उत्तर तिला लगेच देऊ नये, असे माझे मत आहे. पण तुम्हांला ते ठाऊक हवे. कापसात वजनाने सुमारे एक तृतीयांश रुई असते आणि जवळजवळ दोन तृतीयांश सरकी. जिनिंगचे सारे हिशेब यावरच चालतात. तीस ग्रॅम कापसात रुई दहा ग्रॅमच्या आसपास आणि सरकी वीसच्या आसपास भरेल. रुईचा ढीग मोठा दिसतो, कारण त्यात तंतू थोडे आणि तंतूंमधली हवा फार. खुद्द तंतूचा पदार्थ, म्हणजे सेल्युलोज, पाण्याच्या दीडपट घन आहे. जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधतात त्या ही हवा पिळून काढण्यासाठीच. नाहीतर मालमोटारीतून कापसाऐवजी खानदेशची हवाच मुंबईला जायची.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे (१८९६–१९८०) यांनी लहान मुलांच्या या विचारपद्धतीचा जन्मभर अभ्यास केला. त्यांचा एक प्रयोग तुम्ही आजच घरी करून पाहा. दोन सारख्या वाट्यांत सारखे पाणी घ्या. चार वर्षांच्या भावंडाला विचारा, "सारखे आहे ना?" त्याने हो म्हटल्यावर एका वाटीतले पाणी त्याच्यासमोरच उंच, अरुंद पेल्यात ओता. आता जास्त कशात? बहुतेक मुले पेल्याकडे बोट दाखवतील. पाणी परत वाटीत ओतले तर पुन्हा "सारखे" म्हणतील. सात वर्षांच्या सुमारास हेच मूल तुमच्याकडे अशा नजरेने पाहील, की इतका सोपा प्रश्न विचारताच कसा! मधल्या काळात काय घडते? नुसते वय वाढत नाही. मूल शेकडो वेळा ओतते, भरते, सांडते, दाबते, तोलते. आकार बदलला तरी वस्तू तेवढीच राहते ही गोष्ट त्याच्या हाताला पटते, मग डोक्याला. तुमच्या रसायनशास्त्रातला वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम याच पाण्यावर तरंगतो आहे.

दुर्दैवाने याच वयात पाटी-पेन्सिल पुढे येते. पालक अंगणवाडीच्या दाराशी उभे राहून विचारतात, "आमचा पोऱ्या अजून लिहीत का नाही? समोरच्या इंग्रजी शाळेतली मुले शंभरपर्यंत आकडे लिहितात." सेविका बिचारी काय करणार? बियांचे डबे कपाटात जातात आणि अंक गिरवणे सुरू होते. पालकांची कळकळ खोटी नाही. ज्यांनी स्वतः अंगठा उठवला त्यांना अक्षराची घाई असणारच, आणि त्या घाईचा मला आदर वाटतो. पण शंभरपर्यंत आकडे लिहिणाऱ्या त्या मुलापुढे सात चिंचोके आणि पाच चिंचोके ठेवून, पाच चिंचोके लांब लांब पसरून, विचारावे की जास्त कोठे. पुष्कळदा ते लांब रांगेकडे बोट दाखवते. त्याला सात लिहिता येतात. सात म्हणजे किती हे अजून व्हायचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा ठरवला आणि त्यात खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर दिला. धोरणात लिहिले गेले ते चांगलेच झाले. पण दाराशी उभ्या असलेल्या बापाला धोरण वाचून दाखवण्यापेक्षा करवंटीचा तराजू दाखवणे बरे. एकदा एका गृहस्थाने तो तराजू हातात घेतला तो अर्धा तास सोडलाच नाही.

बुडते की तरंगते?

पाण्याचा खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मोठ्या घमेल्यात पाणी, आणि भोवती वस्तू. नियम एकच: आधी सांगायचे, मग सोडायचे. चिंचोका, खडा, वाळलेले पान, बटाटा, लिंबू आणि खानदेशी भरताचे ते मोठे हिरवे वांगे. वांगे पाहून सर्व मुले "बुडणार" म्हणतात, कारण ते दोन्ही हातांनी उचलावे लागते. वांगे तरंगते. नखाएवढा चिंचोका मात्र तळाशी जातो आणि "बुडी गया!" असा गलका होतो. जड वस्तू बुडते हा नियम येथे मोडतो. मोडलेला नियम मुलाच्या डोक्यात फार दिवस राहतो, पाठ केलेला राहत नाही. भुलाबाईसाठी आणलेल्या मातीतली उरलेली माती असेल तर तिची गोळी बुडवावी आणि त्याच मातीची खोलगट वाटी करून तरंगवावी. आर्किमिडीजचे तत्त्व तुम्हांला येतेच. वाटी किती पाणी बाजूला सारते आणि गोळी किती, ते मोजण्याचे काम तुमचे. पाण्याच्या घमेल्यापाशी मोठे माणूस सतत हवे, आणि हरभरा-वाटाण्याएवढ्या बिया तीन वर्षांच्या मुलांच्या हाती एकट्याने देऊ नयेत. त्या नाकात जातात. सीताफळाच्या बिया मोजायला सुरेख, पण त्या फोडू-चावू देऊ नयेत, त्यांचा चुरा डोळ्यांना फार घातक असतो.

या खेळात कापसाची एक गंमत आहे, ती मोठ्यांनाही चकवते. शेतातून आणलेल्या कापसाचा पुंजका पाण्यावर टाका. तो तरंगत राहतो, पाणी जणू त्याला शिवतच नाही. आता औषधाच्या दुकानातून आणलेल्या पांढऱ्या कापसाचा तेवढाच पुंजका टाका. पाहता पाहता तो पाणी पितो आणि बुडतो. चांगला असेल तर दहा सेकंदांच्या आत. दोन्ही कापूसच! मग फरक कसला? झाडावरच्या कापसाच्या तंतूवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. वजनाने तो एक टक्काही नसतो, पण पाणी तंतूला चिकटू नये एवढे काम तो चोख करतो. पाणी आत शिरत नाही, म्हणून तंतूंमधली हवा बाहेर पडत नाही आणि पुंजका तरंगतो. दवाखान्यासाठी कापूस तयार करताना तो क्षारात उकळून हे मेण काढून टाकतात, कारण जखमेवरचा कापूस द्रव शोषणारा हवा. आता शेतातल्या कापसाच्या पाण्यात थोडे साबणाचे पाणी मिसळा आणि काय होते ते पाहा. साबणाने पाण्याचे पृष्ठताण कमी होते, पाणी तंतूंत शिरू लागते, बुडबुडे वर येतात. अंगणवाडीतली मुले बुडबुडे पाहून खूश होतात. तुम्ही घड्याळ घेऊन बसा: साधे पाणी, साबणाचे पाणी, गरम पाणी, प्रत्येकात किती सेकंद. यावर एक चांगला प्रकल्प होईल.

अंगणातली सावली

पाऊस खानदेशातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघून जातो. मग रोज ऊन. सकाळी अंगणवाडी भरली की एका मुलाला अंगणात उभे करावे आणि दुसऱ्याने खडूने किंवा कोळशाने त्याच्या सावलीची कड काढावी. पावलांच्याही खुणा कराव्यात. खिचडीच्या वेळी त्याच मुलाला त्याच पावलांवर पुन्हा उभे करावे. सावली आखलेल्या रेषेत बसत नाही! ती आखूड झालेली असते आणि सरकलेलीही असते. काही मुले पाय हलवून, वाकून, सावलीला जुन्या रेषेत बसवण्याची खटपट करतात. ही खटपट त्यांना मनसोक्त करू द्यावी. सूर्याकडे मात्र कोणी थेट पाहू नये, हे बजावून सांगावे.

तुम्ही याच अंगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने अगदी सरळ रोवा. प्रत्येक आठवड्याला एकदा, सावली सर्वांत आखूड असेल तेव्हा, तिच्या टोकाशी खिळा ठोका आणि अंतर मोजा. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडते असे पुष्कळांना वाटते. एरंडोलला तसे होत नाही. आपली घड्याळे साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात, आणि एरंडोल आहे सुमारे ७५.३ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला मध्यान्ह सरासरीने बाराला नव्हे, तर १२ वाजून २९ मिनिटांच्या सुमारास होतो. शिवाय सूर्य वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होत असतो; सप्टेंबरअखेरीस तो सुमारे दहा मिनिटे आणि ऑक्टोबरअखेरीस सुमारे सोळा मिनिटे पुढे असतो. म्हणून या ऋतूत बारापासून साडेबारापर्यंत दर पाच मिनिटांनी खूण करत बसावे, हे उत्तम. अंगणवाडीतली मुले या कामात चांगली मदत करतात. सावलीचे टोक कोठे आहे हे सांगायला त्यांचे डोळे तुमच्यापेक्षा जमिनीच्या जवळ असतात.

आता आकडे पाहा. एरंडोलचे अक्षांश सुमारे २०.९ उत्तर. २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून मध्यान्ही तो डोक्यावरच्या बिंदूपासून २०.९ अंश दक्षिणेला दिसतो आणि एक मीटर काठीची सावली पडते ३८ सेंटिमीटर. २२ ऑक्टोबरला सूर्य आणखी सुमारे ११ अंश दक्षिणेला गेलेला असतो. सावली ६२ सेंटिमीटर. २२ नोव्हेंबरला ८७. आणि २२ डिसेंबरला ९८, म्हणजे जवळजवळ काठीएवढी. दहावीच्या मुलांनी हे आकडे स्पर्शज्येच्या कोष्टकावरून पडताळून पाहावेत. तुमची मापे एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरने चुकतील. सावलीचे टोक पुसट असते, कारण सूर्य म्हणजे बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. पण कल तोच दिसला पाहिजे: दिवाळीपर्यंत सावली झपाट्याने वाढते, आणि डिसेंबरात तिची वाढ मंदावून थांबते. असे का, याचा विचार करा. झोपाळा कोठे वेगाने जातो आणि कोठे क्षणभर थांबतो, ते आठवा.

एरंडोल कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोनदा, २५ मेच्या सुमारास आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, मध्यान्ही काठीला सावलीच नसते. जुलैत ढग असतात. मेमध्ये अंगणवाडीला सुटी असली तरी काठी तेथेच ठेवा आणि त्या दिवशी गल्लीतल्या चार पोरांना बोलावून आणा.

सावलीची मापे घेताना आणखी एक काम होते. २२ ऑक्टोबरला काठीची सावली ६२ सेंटिमीटर असताना त्याच मिनिटाला शाळेच्या ध्वजस्तंभाची सावली साडेचार मीटर भरली, असे समजा. स्तंभ किती उंच, हे त्रैराशिक तुम्ही मांडा. मापाच्या दोरीचे दुसरे टोक धरायला अंगणवाडीतले कोणीही येईल. फक्त दोरी ताणून धरायला सांगा, नाहीतर ते तिच्याबरोबर नाचू लागते.